घट्ट जागा

गिअरची सायकल एकाच गिअरची करायची म्हणून मागचा डिरेल्युअर उतरवला, की चेनीचा सैलपणा ओढून धरणारी स्प्रिंगही त्याच्याबरोबर जाते. मग चेन ताणायची किती? मॅसॅच्युसेट्सचे सायकल मेकॅनिक शेल्डन ब्राउन (1944–2008) यांनी याची जी कृती लिहून ठेवली आहे, ती मी तांत्रिक गद्याचा आवडता नमुना म्हणून पुन्हापुन्हा वाचतो.

चेन मधोमध दाबून पाहावी, अर्धा इंच खालीवर झाली की पुरे, असं दुकानात सांगतात. ते चूक नाही. पण ब्राउन आधी एक अडचण पुढे ठेवतात: पुढचं चेनव्हील सहसा नेमकं केंद्रात बसलेलं नसतंच. म्हणून क्रँक फिरवताना चेन कुठे ताठ होते, कुठे लोंबते. एकाच जागी मोजलेल्या अर्ध्या इंचावर विसंबून कसं चालेल?

कृती अशी. मागचं चाक सरकवून चेन सर्वांत घट्ट जागी ताठ होईल असं बसवायचं. चेनव्हीलचे बोल्ट ढिले करून नुसत्या बोटांनी आवळायचे. क्रँक सावकाश फिरवायचा, घट्ट जागा आली की थांबायचं आणि ताणलेल्या चेनीवर हातातल्या पान्याने हलकेच ठोकायचं. चेनव्हील केसभर सरकतं. बोल्ट जरा आवळायचे, पुन्हा फिरवायचं, पुन्हा घट्ट जागा शोधायची.

तबला लावणारा गजऱ्यावर हातोडीने घराघराने ठोकत, ऐकत जातो, तसंच हे काम. मला यात सर्वांत मोहवतं ते हे, की दोष दाखवणारी चेनच तो दोष काढणारं हत्यार होते. मापपट्टी नाही, खास अवजार नाही. आणि सगळी मदार त्या ‘हलकेच’वर! जोरात ठोकलंत तर घट्ट जागा समोरच्या बाजूला जाऊन बसते.

शेवटची कसोटीही आकड्याची नाही. कुठेही न अडकता चाक मोकळं फिरेल, इतपतच घट्ट. फ्रीव्हील असेल तर मी किंचित सैल बाजूला झुकतो. उगाच ताणलेली चेन बेअरिंगांना जाच करते. फिक्स्ड हबवर मात्र ही सवलत नाही. तिथे चेन उतरून अडकली तर चालतं चाक जाम होऊ शकतं.

चाक सरकवायलाच जागा नसेल, म्हणजे फ्रेमची खाच उभी असेल, तर टेन्शनर किंवा एक्सेंट्रिक हब लावणं आलं. त्यात रस थोडा. आडव्या खाचेत थोडं गणित लागतं. चेनीची एक जोडकडी वाढवली तर ॲक्सल सुमारे 12.7 मिमी मागे न्यावा लागतो, एक दाता वाढवला तर सुमारे 3.2 मिमी पुढे.

आपल्या काळ्या रोडस्टरला चाक मागे ओढायचा चेन ॲडजस्टर असतो. तो नसताना दोन्ही नट सोडून चाक खेचलं की ते तिरपं बसतं. ब्राउन चाकाला ‘चालवतात’. उजवा नट घट्ट, डावा सैल. टायरची पुढची कड डावीकडे ढकलायची, डावं टोक मागे जातं. तो आवळून उजवा सोडायचा आणि टायर मधोमध आणायचा, की उजवं टोकही मागे येतं. खेचाखेच कुठेच नाही.