ओजामाजो दोरेमी दोक्कान, भाग ४०
तोएई ॲनिमेशन ह्या जपानी संस्थेच्या बालमालिकेतील एक भाग (२००२). दिग्दर्शक मामोरु होसोदा. मैत्रिणींच्या पुढील वाटा स्पष्ट होत असताना आपल्या अंगी काहीच गुण नाही असे वाटणारी दोरेमी एकटी घरी परतताना दुफाट्यावर नेहमीची वाट सोडते. तेथे तिला जादूचा त्याग करून काचकाम करणारी मिराई ही जादूगारीण भेटते. ती दोरेमीला व्हेनिसला येण्याविषयी विचारते. उत्तर देण्यास दोरेमी परत जाते, तेव्हा मिराई निघून गेलेली असते.

जादूगार मुलींच्या कथांत वेशांतर व मंत्र ह्यांवर सहसा भर असतो. येथे कथेचा भार निवडीच्या भीतीवर आहे. दुफाट्याचे पुनःपुन्हा येणारे दृश्य व संवादांमधील स्तब्धता ह्यांमुळे ती भीती न बोलता जाणवते. बालमालिकेत असा संयम विरळाच. घन काचही संथपणे वाहत असते, ही मिराईची कल्पना काव्यमय खरी. परंतु भौतिकीला ती मान्य नाही. शिवाय हा भाग मालिकेच्या मुख्य कथासूत्रापासून तुटक राहतो व लहान प्रेक्षकांस तो मंद वाटण्याचा संभव आहे.

मिराईला तोमोयो हारादा ह्यांचा आवाज आहे. पुढे २००६ मध्ये होसोदा ह्यांनी केलेल्या तोकि ओ काकेरु शोजो ह्या चित्रपटाचा आधार असलेल्या कादंबरीवरच १९८३ मध्येही चित्रपट निघाला होता. त्यात हारादा नायिका होत्या.