दक्षिण ध्रुवाची उपमा कुठवर पुरते?

महास्फोटाआधी काय होतं, हा प्रश्न म्हणजे 'दक्षिण ध्रुवाच्या दक्षिणेला काय?' असं विचारणं, असं स्टीफन हॉकिंग म्हणत. उपमा झकास, पण तिचा सगळा भार त्यांच्या आणि जेम्स हार्टल यांच्या १९८३ च्या प्रस्तावावर आहे. त्यात आरंभाजवळ काळ अवकाशासारखा वागतो, म्हणून काळाला पहिला क्षणच उरत नाही. हे गृहीत धरलेलं आहे. २०१७ मध्ये फेल्डब्रुग, लेनर्स आणि ट्युरॉक यांनी नेमकं इथंच बोट ठेवलं: त्यांच्या गणितात बारीक चढउतार दबतच नाहीत, मग आपलं एवढं एकसारखं विश्व आलं कुठून? हार्टल आणि सहकाऱ्यांना हे पटलं नाही. गणित कुठल्या वाटेने करायचं यावरच वाद आहे. म्हणून मित्रांनो, उपमा आवडली की आधी तिच्याखालचं गृहीतक शोधा.