चवीचा नकाशा, कराची रेषा

व्हिस्कीच्या दुकानात तुम्ही तो नकाशा पाहिला असेल. स्कॉटलंडचे पाच रंगीत तुकडे: हायलँड, लोलँड, स्पेसाइड, कॅम्पबेलटाउन आणि आयला (हो, उच्चार असाच आहे). आयला म्हणजे धूर, लोलँड म्हणजे सौम्य, असं त्यावर लिहिलेलं असतं. जणू चव जमिनीतूनच उगवते.

या नकाशावर विश्वास ठेवण्याआधी आल्फ्रेड बर्नार्डचं १८८७ सालचं 'द व्हिस्की डिस्टिलरीज ऑफ द युनायटेड किंग्डम' चाळून बघा. हा गृहस्थ १६०हून अधिक डिस्टिलऱ्या हिंडला. मोड आलेली बार्ली वाळवायच्या भट्ट्या, भांड्यांची मापं, वर्षाचं उत्पादन, सगळं त्यानं टिपलंय. पण चवीबद्दल तो फार कमी बोलतो. पुष्कळांना ही पुस्तकातली उणीव वाटते. मला तीच त्याची जमेची बाजू वाटते, कारण त्यामुळे प्रदेश म्हणजे जळण, पाणी, बंदर आणि रेल्वे हे दिसत राहतं.

कॅम्पबेलटाउनच घ्या. बर्नार्डनं या एका छोट्या गावात वीसेक डिस्टिलऱ्या नोंदवल्या. का? जवळच कोळशाची खाण होती, १८७७पासून तो कोळसा वाहणारी छोटी रेल्वे होती आणि ग्लासगोला जाणारी बोट दारातून सुटायची. पुढे १९२०च्या दशकात अमेरिकेत दारूबंदी आली, ब्लेंड करणारे व्यापारी इतरत्र वळले आणि १९३०च्या दशकाच्या मध्यापर्यंत दोनच उरल्या. आज तीन आहेत. त्यांतली एकटी स्प्रिंगबँक धुरकट, अर्धवट धुरकट आणि अजिबात धूर नसलेली, अशा तीन प्रकारची व्हिस्की बनवते. मग 'कॅम्पबेलटाउनची चव' नेमकी कुठली म्हणायची?

आयलाचा धूरही असाच. झाडं कमी, म्हणून दलदलीतून कापून वाळवलेलं पीट जाळायचे. ती गरज होती, नंतर ओळख झाली. आणि त्याच बेटावरच्या बुनाहाव्हनच्या नेहमीच्या बाटलीत धूर जवळजवळ नसतो.

हायलँड-लोलँड ही विभागणी तर कायद्यानं पक्की केली ती करासाठी. १७८४च्या कायद्यानं दोन्हीकडे कर वेगवेगळ्या पद्धतीनं आकारायला रेषा आखली. आजच्या २००९च्या नियमांनी पाचही नावांना संरक्षण दिलंय, पण ते बाटलीतली दारू कुठे गाळली एवढंच सांगतं. ती कशी लागेल याची हमी त्यात नाही. स्काय आणि ऑर्कनी या बेटांना तर वेगळं नावच नाही, ती हायलँडमध्येच मोडतात.

बर्नार्डचा दोष वेगळा आहे. तो मालकांचा पाहुणा होता. त्याच्या पानांवर इमारती, यंत्रं, निसर्ग आणि चोरट्या भट्ट्यांचे किस्से रंगतात, कामगार मात्र बहुधा आकड्यापुरते येतात. बार्ली उलथणाऱ्या माणसाच्या पाठीचं काय झालं, हे तिथे सापडत नाही.

तरी दुकानातल्या नकाशापेक्षा हे पुस्तक प्रामाणिक आहे. नकाशात कामगार तर नाहीतच, कोळसाही नाही. पुढच्या वेळी कुणी तुम्हाला 'या मातीची चव' म्हणून बाटली विकू लागला, तर विचारा: बार्ली कुठली, जळण कुठलं, आणि पिंपात किती वर्षं होती? उत्तरं बऱ्याचदा नकाशाबाहेरची निघतील.