न सापडलेला ध्रुव कशाचा पुरावा?

(चऱ्होली येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

चुंबक मधोमध तोडला तर एका तुकड्यात उत्तर आणि दुसऱ्यात दक्षिण ध्रुव येत नाही. प्रत्येक तुकड्याला पुन्हा दोन्ही ध्रुव असतात. चाकण-भोसरीच्या कारखान्यांत काम केलेल्यांना हे सांगायला नको. तरीही एकटा ध्रुव, म्हणजे मोनोपोल, असू शकतो असं डिरॅक यांनी 1931 साली दाखवलं. असा एक जरी कण विश्वात असेल, तर विद्युतभार ठरावीक पटींतच का आढळतो, याचा उलगडा होतो. पुढे 1974 मध्ये ट हूफ्ट आणि पोल्याकोव्ह यांच्या कामातून स्पष्ट झालं की महाएकीकरणाच्या सिद्धांतांत हा कण टाळताच येत नाही.

अडचण इथेच सुरू झाली. गणित सांगत होतं, की आरंभीच्या तप्त विश्वात असे कण भरमसाठ तयार झाले असणार. मग ते गेले कुठे? 1982 साली काब्रेरा यांच्या उपकरणात एक खूण उमटली, ती पुन्हा कधी उमटली नाही. इटलीतल्या मॅक्रो प्रयोगानं 2000 सालापर्यंत वाट पाहिली. हाती काही नाही.

यावर 1981 मध्येच गुथ यांचं उत्तर आलेलं होतं: विश्व आरंभी इतकं झपाट्यानं फुगलं, की मोनोपोल विरळ होऊन दिसेनासे झाले. हेच इन्फ्लेशन. आमचा आक्षेप इन्फ्लेशनवर नाही. त्याच्या बाजूनं इतर कारणं आहेत. आक्षेप आहे तो ‘मोनोपोल दिसत नाहीत, हा इन्फ्लेशनचा पुरावा’ या वाक्यावर. उंदरांसाठी मांजर आणलं, आता उंदीर दिसत नाहीत, म्हणून मांजर गुणाचं. ठीक आहे, पण घरात उंदीर होते हे पाहिलं कोणी? महाएकीकरणच चुकीचं असेल, तरीही मोनोपोल दिसणार नाहीत. एकच अभाव दोन्ही बाजूंनी साक्ष देत असेल, तर ती साक्ष कोणाच्याच कामाची नाही. इन्फ्लेशनचा पाया तपासून पाहा, असं जयंत नारळीकर सातत्यानं सांगत आले, ते आम्हाला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं.

याच सिद्धांतांचं दुसरं भाकीत बघा: प्रोटॉनचा क्षय. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं जपानी सहकाऱ्यांसह कोलारच्या सोन्याच्या खाणीत, सुमारे 2300 मीटर खोल, 140 टनांचं यंत्र उभारलं. काही संभाव्य घटना त्यांनी नोंदवल्याही. पण अमेरिकेतल्या आणि जपानमधल्या मोठ्या यंत्रांना क्षय आढळला नाही, आणि एसयू(5) हा सर्वांत साधा सिद्धांत मागे पडला. काही जण याला अपयश म्हणतात. आम्ही म्हणत नाही. तिथे आकडा आधी सांगितला होता, म्हणून निसर्गाला ‘नाही’ म्हणता आलं.

मोनोपोलच्या बाबतीत मात्र निसर्गाच्या ‘नाही’चा अर्थ आपण ‘होय, पण विरळ’ असा लावला. असं करायला मनाई नाही. मात्र त्या क्षणी भाकिताचं वजन कमी झालं, हे मान्य करायला हवं. पाठ्यपुस्तकं ते सांगत नाहीत. विद्यार्थ्याला फक्त ‘समस्या सुटली’ एवढंच कळतं. खरं तर सिद्धांताच्या सुटकेची वाट सापडली. कण आहे की नाही, हा प्रश्न तसाच उरला आहे.

आता तुमचे प्रश्न घेऊया.