निवेदन थांबल्यावर

गेल्या नाताळात आमच्या मलकापूरच्या कार्यक्रमपत्रिकेवर ‘ख्रिस्तजन्म : बॅले’ असे छापले होते. प्रयोग रंगात आला असता वीज गेली. कंदील आले, मुले बिचारी नाचत राहिली. परंतु ध्वनिक्षेपकावरील निवेदन थांबताच तीन राजे कोणते आणि मेंढपाळ कोणते, हेही कळेना. आपण छापलेल्या त्या शब्दाचा अर्थ तरी काय, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात घर करून आहे.

बॅले ही मूळची दरबारी कला. इटलीतील सरदारांच्या मेजवान्यांत ती जन्मली आणि मेदिची घराण्यातील कॅथरिन राणीच्या काळात फ्रान्समध्ये रुजली. १५८१ साली पॅरिसला एका राजविवाहानिमित्त झालेला प्रयोग हा तिचा आरंभ मानतात. चौदावा लुई स्वतः नाचत असे. त्याने १६६१ मध्ये नृत्याची अकादमी स्थापन केली. खुब्यापासून पाय बाहेर वळवून उभे राहण्याच्या पाच मूळ स्थिती बोशां या नृत्यगुरूने निश्चित केल्या. आजही बॅलेचा विद्यार्थी याच पाच स्थितींपासून धडे गिरवतो.

आपल्या वाचकांना नवल वाटेल, पण या कलेचा एक आद्य इतिहासकार येशूसंघी धर्मगुरू होता. क्लोद-फ्रांस्वा मेनेस्त्रिए याने १६८२ मध्ये प्राचीन व अर्वाचीन बॅलेवर ग्रंथ लिहिला. पॅरिसमधील येशूसंघीयांच्या विद्यालयात लॅटिन शोकांतिकेच्या अंकांमध्ये विद्यार्थी बॅले सादर करीत. त्याच शहरात १६७३ मध्ये नट मोलिएर वारला, तेव्हा त्याला ख्रिस्ती दफन नाकारण्यात आले आणि राजाने रदबदली केल्यावर रात्री गुपचूप पुरण्यात आले. ख्रिस्तसभेचे हे दोन्ही चेहरे दहा वर्षांच्या आतले आहेत. मला अर्थातच मेनेस्त्रिए जवळचा वाटतो. मनोविकार आणि वस्तूंचा स्वभाव हालचालीतून प्रकट व्हावा, हा त्याचा आग्रह होता.

पुढे १८३२ मध्ये मारी ताल्योनीने पायाच्या बोटांच्या अग्रावर उभे राहून पॅरिस वेडे केले आणि नंतर रशियात पेतिपाने या कलेला भव्यता दिली. सर्वसामान्यांच्या मनातला बॅले तो हाच. परंतु बोटांवर उभे राहणे म्हणजेच बॅले, असे मी मानत नाही.

याचे प्रमाण मुंबईतच सापडते. उदय शंकरांच्या अल्मोड्याच्या केंद्रात आणि पुढे ‘इप्टा’त काम केलेल्या शांती बर्धन यांनी १९५२ मध्ये मुंबईत ‘लिट्ल बॅले ट्रूप’ स्थापन केला. त्यांच्या ‘रामायणा’त नर्तक मुखवटे घालून कळसूत्री बाहुल्यांसारखे, सांध्यांना झटके देत वावरतात. संगीत साथीला असते. कथा मात्र देहच सांगतो. क्षयाने जर्जर झालेले बर्धन १९५४ मध्ये निवर्तले. पुढे गुल बर्धन यांनी ती मंडळी चालवली आणि ती ग्वाल्हेरमार्गे भोपाळला स्थिरावली.

रामकथा सर्वांना ठाऊकच असते, मग देहाने सांगितले त्यात नवल काय, असा आक्षेप येईल. ख्रिस्तजन्माची कथाही आमच्या धर्मग्रामस्थांना पाठ होती. तरी कंदिलाच्या उजेडात ती दिसली नाही.

धर्मगुरू म्हणून मी किंचित अडखळतो ते अन्यत्र. माणूस ही कुणाच्या हातातली बाहुली नव्हे. फोकिनच्या ‘पेत्रुश्का’मध्ये (१९११) बाहुलीला हृदय असते, ती तळमळते आणि मेल्यावरही जादूगाराला वाकुल्या दाखवते. बर्धनांच्या बाहुल्या असे बंड करीत नाहीत. तरीही जिवंत माणसाने निर्जीवाची चाल इतक्या शिस्तीने उचलावी, यातच त्याचे स्वातंत्र्य दिसते, असे मला वाटते.

आपल्यातही प्रयत्न झाले. फादर जॉर्ज प्रॉक्श यांनी अंधेरीच्या ज्ञान आश्रमात ख्रिस्तकथेवर नृत्यनाट्ये रचली. फ्रान्सिस बार्बोझा यांनी ख्रिस्ती संकल्पनांसाठी भरतनाट्यमच्या हस्तमुद्रा योजल्या आणि १९९० मध्ये त्या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्या धर्मग्रामांतील हौशी प्रयोग मात्र बहुधा प्रवचनाला नाच जोडून मोकळे होतात.

यंदा मेंढपाळांचा प्रसंग निवेदनाविना बसवावा, असे मी आमच्या धर्मभगिनींना सुचवले आहे. त्यांनी अजून होकार दिलेला नाही.