वाटाड्या आणि मागचं वल्हं

चांगला वाटाड्या अर्धं काम काठावरच उरकून घेतो. कॅनडातल्या ॲल्गाँक्विन उद्यानात, कनू लेकच्या धक्क्यावर सकाळी थोडा वेळ थांबलं की हे नीट बघता येतं. मंडळी गाड्यांतून उतरतात, लाइफ जॅकेटचे पट्टे आवळतात, फोटो काढतात. तो मात्र कोण ओझं कसं उचलतंय, कोण पाण्याकडे बघून गप्प झालंय, कुणाला पुढे पळायची घाई झालीय, हे टिपत असतो. मग जोड्या लावतो. आतल्या अरण्यात एका मुक्कामाच्या जागी ९ माणसांपेक्षा जास्त जणांना परवानगी नाही, त्यामुळे गट लहानच असतो. लहान गटात एक जोडी चुकली तरी दिवसभर सगळ्यांना जाणवते. मला या सहलींत सर्वांत जास्त आवडतं ते हे जोड्या लावणं, कारण पुढच्या दोन-तीन दिवसांची लय तिथेच ठरते.

हे उद्यान १८९३ सालचं, टोरांटोहून गाडीनं साधारण तीन तासांवर. विस्तार साडेसात हजार चौरस किलोमीटरहून अधिक, तळी दोन हजारांवर, आणि नावेनं जायच्या वाटा सुमारे २,००० किलोमीटरच्या. एवढ्या पसाऱ्यातून वाट निवडताना वाटाड्या नकाशाइतकाच वाऱ्याचा विचार करतो. मोठं, उघडं तळं सकाळीच पार करायचं, दुपारी वारा उठला की काठाकाठानं जायचं आणि सगळ्यांत हळू चालणारी नाव पुढे ठेवायची. ती मागे राहिली तर तिच्यातली माणसं दिवसभर पाठलागच करत राहतात. पुढे असली की तिचा वेग हाच सगळ्यांचा वेग होतो आणि कुणाला हिणवल्यासारखं वाटत नाही.

आता मागचं वल्हं. कायाकमध्ये दोन पात्यांचं वल्हं आलटून पालटून दोन्ही बाजूंना पडतं, त्यामुळे एका बाजूचा ओढा दुसरी बाजू भरून काढते. कनूचं, म्हणजे या सहलींतल्या नावेचं, वल्हं एकाच पात्याचं. मागे बसून उजवीकडे ते ओढलं की नावेचं नाक डावीकडे जातं. नवखा माणूस लगेच बाजू बदलतो, नाव नागमोडी जाते आणि मांडीवर पाणी ठिबकत राहतं. मुरलेला माणूस बाजू बदलतच नाही. पातं मागे येता येता तो वरच्या हाताचा अंगठा खाली वळवतो. त्यानं पात्याची सपाट बाजू नावेपासून बाहेर वळते, आणि शेवटच्या क्षणी तो पाण्याला बाहेरच्या अंगानं किंचित रेटा देतो. पाण्यात इंग्रजी जे अक्षर उमटावं तशी ही चाल, म्हणून तिचं नाव जे-स्ट्रोक. रेटा जास्त झाला तर वेग मरतो, कमी पडला तर नाक भरकटतं. जाणत्याच्या हातात ओढ आणि दुरुस्ती वेगळी काढता येत नाही, आणि मी रसिक म्हणून तासन्‌तास बघत बसतो ते नेमकं हेच.

तोच माणूस कधी पातं पाण्याबाहेर काढतच नाही. पाण्याच्या आतच ते धारेवर फिरवून पुन्हा पुढे आणतो. ना छपछप, ना ठिबकणं. अशा वेळी लून पक्षी बराच जवळ येऊ देतो. त्याची हाडं बहुतेक पक्ष्यांसारखी पोकळ नसून भरीव असतात, म्हणून तो पाण्यात खोल बसलेला दिसतो आणि बुडी मारताना आवाज करत नाही.

पुढे बसणाऱ्याला मागचं काही दिसत नाही. टोरांटोकडची एक मराठी मायलेकाची जोडी आमच्या गटात होती. मुलगा मागे, आई पुढे. ती सारखी वळून विचारायची, "अरे, बरोबर चाललोय ना?" शेवटी तो म्हणाला, "आई, तू फक्त वल्हं मार. वळलीस की नाव डुलते." वाटाड्या शेजारच्या नावेत होता. मराठी त्याला कळत नव्हतं, पण मान वळताना त्यानं पाहिली होती. त्यानं बाईंना पाण्याखालचे दगड बघून सांगायचं काम दिलं. त्या कामात त्या इतक्या रमल्या की मागे वळायचंच विसरल्या.

कनू लेकच्या वरच्या टोकाला बंधारा आहे. तिथे नाव खांद्यावर घेऊन जो लेककडे चालत जायचं, वाट तीनशे मीटरच्या आतली. अशा वाटेला पोर्टेज म्हणतात, तोंडाशी पिवळी पाटी असते. केव्हलरची सोळा फुटी कनू वीस किलोच्या आसपास भरते. ती मांडीवर घेऊन, एका झोक्यात डोक्यावर उलटवून, मधलं आडवं लाकूड दोन्ही खांद्यांवर टेकवायचं. वाट दिसावी म्हणून पुढचं टोक थोडं वर ठेवायचं. चांगला वाटाड्या हे एकदा सावकाश करून दाखवतो आणि मग कुणाला मदतीला धावत नाही. हात तेवढे जवळ ठेवतो.

एक गोष्ट मात्र मला खटकते. चित्रकार टॉम थॉमसन १९१२ पासून इथे येत असे, वाटाड्याचं कामही करत असे, आणि जुलै १९१७ मध्ये याच कनू लेकमध्ये त्याचा मृत्यू झाला. तो कसा झाला याची गूढकथा रंगवून सांगण्यात अनेक वाटाडे शेकोटीचा अख्खा वेळ घालवतात. थॉमसन लाकडाच्या छोट्या फळ्यांवर उघड्यावर तैलरंगांत चित्रं काढायचा. 'द जॅक पाइन' हे मोठं चित्र तशाच एका छोट्या चित्रावरून टोरांटोत पुरं झालं. त्यात पाण्यापलीकडच्या टेकड्या आणि आडव्या, जाड फटकाऱ्यांचं आकाश आहे. संध्याकाळी नाव थांबवून समोरचा काठ दाखवला आणि एवढंच सांगितलं, तरी त्या माणसाचा मान राहतो. असं करणारा वाटाड्याही मी पाहिलाय, आणि त्याच्याच सहलीचं हे सगळं वर्णन आहे.

परतीच्या दिवशी त्यानं जागा बदलल्या. दोन दिवस पुढे बसलेल्या त्या आईंना मागे बसवलं आणि त्यांच्याच नावेत स्वतः पुढे जाऊन बसला. बाईंचा अंगठा कधी खाली वळत होता, कधी विसरत होता. नाव डावीकडे गेली, उजवीकडे आली, एकदा लव्हाळ्यातही घुसली. तो वल्हं मारत राहिला, एकदाही मागे न बघता.