शेणाचा कोळसा आणि ते २५ टक्के

परवा गावाहून काकांचा फोन आला. "अगं, तू बायोचारवरच शिकतेस ना? मग उकिरड्यातल्या शेणाचा कोळसा करून उसाला टाकू का? व्हिडिओत सांगतात, उत्पन्न २५ टक्के वाढतं." फोनवर मला नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून ही पोस्ट.

आधी प्रक्रिया समजून घेऊ. वाळलेलं शेण हवा कोंडून साधारण ३५० ते ७०० अंश सेल्सिअसला तापवलं की त्याची राख न होता कोळसा होतो. हाच बायोचार. रोगजंतू आणि तणाचं बी मरतं, वास जातो, वजन घटतं. शिवाय त्यातला कार्बन शेणखतापेक्षा कितीतरी जास्त काळ मातीत टिकतो. हे सगळं खरं आहे, आणि त्यासाठीच मी या विषयात आले.

माझी तक्रार आहे ती "खत" या शब्दाबद्दल. भट्टीत नत्राचं काय होतं बघा. तापमान वाढेल तसं ते वायू होऊन उडून जातं, आणि जे उरतं ते कार्बनच्या कड्यांमध्ये असं अडकतं की पिकाला सहजासहजी मिळत नाही. स्फुरद आणि पालाश मागे राहतात. वजन घटल्यामुळे त्यांची टक्केवारी उलट वाढते. पण स्फुरदाचा बराच भाग कॅल्शियम-मॅग्नेशियमशी बांधला जातो आणि हळूहळू सुटतो. म्हणजे पिशवीवर छापलेला आकडा मोठा असला, तरी तेवढं सगळं यंदाच्या पिकाला मिळेल असं नाही.

मग ते २५ टक्के आले कुठून? सायमन जेफ्री आणि सहकाऱ्यांचा २०१७ सालचा एक पेपर आहे. जगभरातले बायोचारचे प्रयोग एकत्र करून त्यांनी पाहिलं, तर उष्ण कटिबंधात सरासरी २५ टक्के वाढ दिसली. समशीतोष्ण भागात सरासरी वाढ दिसली नाही. आपण उष्ण कटिबंधात, म्हणजे २५ टक्के आपलेच, असं लोक धरून चालतात. इथेच गफलत होते. लेखकांनी दिलेलं कारण वाचा: उष्ण कटिबंधातल्या त्या जमिनी आम्ल आणि अन्नद्रव्यांनी गरीब, आणि बायोचारने तिथे चुन्याचं आणि खताचं काम केलं. काकांची जमीन काळी, चुनखडीची, सामू ८ च्या आसपास. तिला आणखी चुना देऊन काय मिळणार? कोकणातल्या जांभ्या, आम्ल जमिनीत गोष्ट वेगळी असू शकते. शिवाय ती सरासरी लाकूड, भुसा, शेण अशा सगळ्या प्रकारच्या बायोचारची आहे, फक्त शेणाची नाही.

आता हिशोब करू. प्रयोगांत हेक्टरी १० टन ही नेहमी दिसणारी मात्रा आहे, म्हणजे एकरी ४ टन. कोरड्या शेणाचा साधारण निम्मा कोळसा होतो, म्हणजे ८ टन कोरडं शेण हवं. ताज्या शेणात ८० टक्के पाणी धरलं तर ४० टन ताजं शेण. एक गाय दिवसाला १० किलो देते असं धरा: एका एकरासाठी अकरा गायींचं अख्ख्या वर्षाचं शेण! काकांकडे दोनच गायी आहेत.

म्हणून असा पेपर हातात आला की मी आधी तुलना कशाशी केली ते बघते. बायोचार विरुद्ध काहीच नाही, अशी तुलना असेल तर ती शेतकऱ्याच्या कामाची नाही. काकांचा प्रश्न वेगळा आहे: तेच शेण कुजवून टाकलं असतं तर? भट्टीत जाणाऱ्या शेणाचं शेणखत होत नाही, ही किंमत निकालात धरलीच पाहिजे.

याचा अर्थ बायोचार टाकाऊ आहे असा नाही. जिथे कोंबड्यांची किंवा जनावरांची विष्ठा इतकी साठते की आसपासच्या जमिनीला ती झेपत नाही, तिथे वजन घटवून स्फुरद लांब नेता येणं ही मोठी सोय आहे. फक्त त्यातलं तांबं आणि जस्तही घट्ट होतं, ते तपासायला हवं.

काल काकांना फोन करून सांगितलं, "शेणाची भट्टी लावू नका, चांगलं कुजवा. कोळसाच करायचा तर तुरीच्या पऱ्हाट्यांचा करा आणि एक वाफा करून बघा. शेजारी एक वाफा शेणखताचा ठेवा." ते म्हणाले, "म्हणजे तुझं काम मीच करायचं?"

खरं तर हो. तुम्हीही करून बघा, पण शेजारचा वाफा विसरू नका.